पुण्याहून कोकणचे किनारे: आधी तिथी बघा, मग खोली बुक करा

पुण्यात कोकणाचा बेत ठरला की पहिला फोन जातो हॉटेलला. समुद्रासमोरची खोली आहे का, एसी चालतो का, रात्री मासे मिळतील का. हे सगळं पक्कं होतं, शनिवारी पहाटे चांदणी चौक मागे पडतो आणि दुपारी किनाऱ्यावर उभं राहिल्यावर कळतं की समुद्र पार तिकडे गेलाय, मधे नुसती ओली वाळू. नाहीतर याच्या उलट: संध्याकाळी फिरायला म्हणून चप्पल घालून बाहेर पडावं, तर पाणी सुरूच्या झाडांना टेकलेलं आणि पाय ठेवायला जागा नाही.

माझी अक्कल कर्द्याला ठिकाणावर आली. दापोलीजवळचा किनारा, सपाट, काळसर आणि कडक वाळू. दुपारी साडेचारला पोचलो तेव्हा चार-पाच गाड्या वाळूवर उभ्या होत्या, म्हणून आम्हीही आमची नेली. भेळ खाल्ली, फोटो काढले, पोरं खेकड्यांच्या मागे धावली. सहाच्या सुमाराला पहिली लाट चाकाखालून गेली. गाडी सुरू करून मागे घ्यायला गेलो, तर पुढची चाकं जागच्या जागी फिरून वाळूत रुतली. अर्ध्या तासात ती निम्मी पाण्यात. शेवटी गावातले एक काका ट्रॅक्टर घेऊन आले. दोर बांधता बांधता त्यांनी विचारलं, "गाडी कुठली?" म्हटलं, पुण्याची. "मग बरोबर," म्हणाले आणि लगेच पुढचा प्रश्न, "आज तिथी कोण?"

आमच्यात कुणालाच माहीत नव्हती. द्वादशी होती. गाडी बाहेर निघाल्यावर काकांनी वाळूवर बोटाने गणित करून दाखवलं. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. नऊला पूर्ण भरती. म्हणजे तीनला ओहोटी संपली होती, आम्ही आलो तेव्हा पाणी चढायला लागून दीड तास झाला होता आणि आम्ही मजेत भेळ खात होतो.

पाऊणपटीचा हिशेब

किनारपट्टीवर हा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. दुपारी तीन आणि पहाटे तीन या भरतीच्या वेळा. त्यात सहा मिळवले की नऊ, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊला पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पंधरवडा शुद्ध असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून सुरू. जुन्या शाळेत शिकलेल्या आजी-आजोबांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असायची, त्यांना बोटंसुद्धा लागायची नाहीत.

यामागचं कारण साधं आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, जवळपास तेच. हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-एक तासाचा फरक पडतो. पौर्णिमेला सव्वाअकरा निघतात, प्रत्यक्षात पाणी बाराच्या आसपास भरलेलं दिसतं. होडीचं किंवा खडकावर जायचं काम असेल तेव्हा भरती-ओहोटीचं तयार वेळापत्रक मोबाइलवर बघून घ्या आणि तिथे पोचल्यावर एखाद्या कोळ्याला विचारा. पण पुण्यात सोफ्यावर बसून 'कुठला शनिवार घ्यावा' हे ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर आणि पाऊणकी पुरे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उंचीची. पुनव आणि अवसेच्या आसपास उधाण असतं: भरतीला पाणी खूप वर येतं, ओहोटीला खूप लांब जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग: पाणी ना फार चढत, ना फार उतरत. याचा प्रवासाशी थेट संबंध आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण भांगाच्या दिवसांत ओहोटी असूनही मधलं पाणी पुरतं हटत नाही आणि लोक गुडघ्याएवढ्या पाण्यात चपला हातात धरून उभे राहतात. पुनवेच्या आसपास जा. सकाळी किंवा संध्याकाळी साडेपाच-सहाच्या ओहोटीला वाट कोरडी मिळते. परत येताना मात्र किल्ल्यात रमू नका, पाणी मागून येतं आणि मग घोडागाडीवाला सांगेल तो भाव.

कोकणात जसजसं दक्षिणेकडे जाल तसतसा भरती-ओहोटीतला हा फरक कमी होत जातो. अलिबाग-नागावला समुद्र जेवढा मागे हटतो तेवढा मालवण-वेंगुर्ल्याला हटत नाही. म्हणून तिथीची ही भानगड रायगड आणि दापोलीसाठी जास्त, तारकर्लीसाठी कमी.

वाळू बघून किनारा ओळखायचा

शाळेच्या भूगोलात महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा होता. त्यात एकसारखे दोन किनारे सापडणं मुश्कील, आणि पहिला फरक पायाखालीच कळतो.

सह्याद्रीचा काळा कातळ (बेसॉल्ट) झिजून नद्यांमधून जी वाळू येते ती काळसर, बारीक. अलिबाग, मुरुड, कर्दे या पट्ट्यात अशी वाळू भरपूर. बारीक वाळूचा किनारा सपाट असतो, पाऊल रुतत नाही, सायकलसुद्धा चालते. शंखशिंपल्यांचा चुरा जास्त असेल तिथे रंग पांढुरका होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याची लाल छटा येते, लाडघरला तर पाणीच तांबूस दिसतं, म्हणून त्या भागाला तामसतीर्थ म्हणतात. आणि दक्षिण सिंधुदुर्गात कातळच बदलतो. तिथे बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुने, गारगोटीचं प्रमाण जास्त असलेले खडक आहेत, त्यामुळे तारकर्ली, भोगवे, वेंगुर्ला या बाजूची वाळू उजळ. रत्नागिरी शहरात तर काळा समुद्र आणि पांढरा समुद्र अशी किनाऱ्यांची नावंच पडली आहेत.

पोरं बरोबर असतील तर एक लोहचुंबक घेऊन जा, फ्रिजवरचं चालेल. काळसर किनाऱ्यावरची मूठभर कोरडी वाळू पांढऱ्या रुमालावर पसरा आणि चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवा. काळे कण टुणकन उडून पिशवीला मिशीसारखे चिकटतात. ते लोहयुक्त खनिजाचे कण, सह्याद्रीतून वाहून आलेले. आमच्याकडे हा खेळ दीड तास चालला, तेवढ्या वेळात मोबाइल कुणी मागितला नाही. पिशवी विसरू नका, कण थेट चुंबकाला चिकटले तर पुढचे सहा महिने निघत नाहीत.

वाळूचा जाडेपणा जिवाशीही जोडलेला आहे. जाड, भरड वाळूचा किनारा उतरता असतो. चार पावलांत पाणी गुडघ्यावरून छातीवर येतं आणि लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. गणपतीपुळ्याला कुणी बुडाल्याचं दरवर्षी जे ऐकू येतं त्यामागे हा उतार आणि पाण्याची ओढ आहे. पाऊल घोट्यापर्यंत रुतत असेल आणि किनारा उतरणीचा दिसत असेल, तर गुडघ्यापुढे जाऊ नका.

घाट ठरला की किनारा ठरतो

पुण्याहून समुद्र सरळ रेषेत जवळ आहे, पण मधे सह्याद्री उभा आहे. त्यामुळे खरा प्रश्न असतो, उतरायचं कुठून.

अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद, मुरुडसाठी द्रुतगती मार्गाने खोपोली, पेण. रस्ता सोपा आणि गर्दी त्याच हिशेबाची, शिवाय मुंबईकरही तिथेच. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरसाठी ताम्हिणी: पौड, मुळशी, निजामपूर, माणगाव, म्हसळा. पुण्यातून दिवेआगरला साडेचार तास धरा, नाश्ता धरून पाच. टाकी पिरंगुट-पौडच्या आधीच भरा. घाटात मोबाइलला रेंज येते-जाते, नकाशा उतरवून ठेवा. दापोलीलाही बरेच जण ताम्हिणीनेच उतरून महाडमार्गे जातात. भोरवरून वरंध जवळचा वाटतो, पण दरडींमुळे तो पावसाळ्यात बहुधा बंद असतो, निघण्याआधी चौकशी करा. गुहागर, वेळणेश्वर, हेदवीसाठी साताऱ्याच्या पुढे उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली, चिपळूण. रत्नागिरीला कोल्हापूरच्या बाजूने आंबा घाट. मालवण-वेंगुर्ल्यासाठी कोल्हापूर गाठून गगनबावडा किंवा फोंडा.

शनिवार-रविवार एवढाच वेळ असेल तर पहिले तीनच पट्टे. दोन दिवसांत मालवण करून येणारी मंडळी मला माहीत आहेत. ती सोमवारी ऑफिसात डोळे चोळत बसतात आणि 'मस्त झालं' म्हणतात.

गाडी नसेल तर स्वारगेटवरून अलिबाग, दापोली, गुहागर, रत्नागिरीसाठी एसटी आहे. रेल्वेने जायचं तर पनवेलला गाडी बदलून कोकण रेल्वे. पण स्थानकापासून समुद्र लांब असतो, रिक्षाचे पैसे वेगळे धरा.

खाड्यांवरच्या फेरीबोटी या सगळ्या प्रवासातला माझा लाडका भाग. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ: गाडीसकट बोटीवर चढायचं, दहा-पंधरा मिनिटं वारा खायचा, पलीकडे उतरायचं. रस्त्याने हाच वळसा कित्येक तासांचा पडला असता. बागमांडल्याला सावित्री नदी ओलांडली की रायगड संपून रत्नागिरी जिल्हा लागतो. सुट्टीच्या दिवशी रांग लागते आणि शेवटची फेरी चुकली की रात्र तिथेच, तेव्हा शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं काम चालू आहे, पूल होतील तशा यातल्या काही बोटी बंद होतील. तोवर बसून घ्या.

आता किनारे

अलिबाग-मुरुड पट्ट्याबद्दल फार लिहीत नाही, पुण्यातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलाय. रेवदंड्याची पोर्तुगीज तटबंदी आणि कोर्लईचा किल्ला बघायचा राहतो, तो बघा. काशीदची वाळू सुंदर, लाट मात्र विश्वासाची नाही. जंजिऱ्याला राजपुरीतून शिडाच्या होड्या जातात, पावसाळ्यात बंद. मुरुडच्या किनाऱ्याबद्दल एक आठवण पुणेकरांनी ठेवावी: १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातल्या एका कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी तिथे बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं.

दिवेआगर मला आवडतं ते सुरूच्या बनासाठी आणि तिथून श्रीवर्धनला जाणाऱ्या रस्त्यासाठी. शेखाडीवरून जाणारा हा रस्ता समुद्राला खेटून आहे, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी. संध्याकाळी चारनंतर निघा, उजवीकडे ऊन उतरत असतं. घाई असेल तर हा रस्ता घेऊच नका, दर वळणावर कुणीतरी "थांबव, थांबव" म्हणणारच. श्रीवर्धन म्हणजे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव.

हरिहरेश्वरला लोक देवदर्शन करून, फोटो काढून परत फिरतात. खरा ऐवज प्रदक्षिणेच्या वाटेवर आहे. देवळामागून डोंगरावर चढायचं आणि दोन कातळभिंतींच्या मधल्या अरुंद फटीतून पायऱ्या उतरायच्या. समोर एकदम समुद्र उघडतो. खाली लाटांनी कापून सपाट केलेला कातळाचा ओटा आहे, आणि डाव्या-उजव्या भिंतींवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. खाऱ्या पाण्याचा तुषार दगडात मुरतो, पाणी सुकतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा कण कण सुटतो. हजारो वर्षं हेच चाललंय. जाळीत बोट घालून बघा, आतल्या कडा गुळगुळीत लागतात आणि बोटाला मीठ चिकटतं.

ही वाट ओहोटीचीच. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी उतरा, पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात वर या. शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवू नका, आणि समुद्राकडे पाठ करून फोटो तर अजिबात नको. दहा लाटा लहान येतात आणि अकरावी ओट्यावरून झाडून नेते. तिथे जीव गेलेत, पाट्याही लावल्यात. भरती असेल तर देवळातून हात जोडा आणि परत फिरा, देव रागवत नाही.

बागमांडल्याहून बोटीने पलीकडे गेलात की वेळास. नाना फडणवीसांचं गाव, आणि आता कासवांचं. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायला सुरुवात केली. त्याआधी ती खणून नेली जायची. २००६ पासून कासव महोत्सव होतो. मादी थंडीत येऊन वाळूत शंभरावर अंडी घालते, ती कुंपणाच्या आत हलवतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात आणि सकाळी-संध्याकाळी त्यांना पाण्याकडे सोडतात. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ. तुम्ही जाल त्या दिवशी पिल्लं निघतीलच असं नाही, गावात आधी फोन करून घरट्यांची स्थिती विचारा आणि दोन मुक्काम ठेवा.

पिल्लू तळहातापेक्षा लहान, ओल्या कोळशासारखं काळं. टोपलीतून वाळूवर उलटलं की क्षणभर निपचित पडतं, मग पुढचे पाय वल्ह्यासारखे मारत निघतं. माणसाच्या पावलाचा खळगा त्याला विहिरीएवढा होतो, म्हणून दोरीच्या मागे उभे राहा. फ्लॅश नाही, टॉर्च नाही, आरडाओरडा नाही. पहिली लाट त्याला दोन हात मागे फेकते. आख्खा किनारा "अरेरे" म्हणतो. ते पुन्हा निघतं.

दापोलीच्या बाजूला आलात तर दिवसाला एक किनारा अशा हिशेबाने राहा. केळशीला वाळूची टेकडी आहे. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, देवळाच्या आवारातून खालचा समुद्र बघा. मुरुड हे महर्षी कर्व्यांचं गाव (रायगडातलं मुरुड वेगळं, नकाशात नीट बघून निवडा, एका मित्राने शंभर किलोमीटर पलीकडची खोली बुक केली होती). हर्णैला दुपारी चार-साडेचारनंतर मासळीचा लिलाव असतो. होड्या पाण्यात उभ्या असतात, मासळी किनाऱ्यावर येते आणि वाळूवर ढीग मांडून बोली लागते. बोली इतकी भरभर चालते की सुरमई कधी विकली गेली हे कळतही नाही. चांगल्या चपला घालून जाऊ नका, आणि ज्यांचं पोट तिथे चाललंय त्यांच्या वाटेत कॅमेरा घेऊन उभं राहू नका. घ्यायचंच असेल तर लिलावातून नको, बाजूला किरकोळ विकणाऱ्या बायका बसतात, त्यांच्याकडून घ्या आणि मुक्कामाच्या घरी करायला द्या.

गुहागरचा किनारा लांबलचक आणि सरळ, सकाळी चालणाऱ्यांसाठी. वेळणेश्वर अर्धचंद्राकृती. हेदवीची बामणघळ मात्र बाकी सगळ्याच्या उलटी: ती भरतीला बघायची. कातळात एक लांब, अरुंद चीर आहे, भरतीचं पाणी तीत कोंडतं आणि शेवटी उभं फवाऱ्यासारखं उडतं. पाऊणकी इथे कामाला येते. पुनवेनंतरच्या प्रतिपदा-द्वितीयेला दुपारी एक-दीडच्या सुमाराला जा, उधाणही असतं आणि उजेडही. ओहोटीला गेलात तर एक भेग दिसेल आणि ड्रायव्हर तुमच्याकडे बघेल.

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे समुद्राच्या बाजूने जाताना आरे-वारे लागतात, वरच्या रस्त्यावरून दोन्ही किनारे एका नजरेत येतात. संकष्टीला, त्यातून अंगारकी असेल तर, गणपतीपुळ्याकडे फिरकू नका. पुळ्याच्या उत्तरेला, अगदी जवळ मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव.

मालवणला निदान तीन रात्री हव्यात. सिंधुदुर्ग किल्ला १६६४ मध्ये बांधायला घेतला, होडीनेच जावं लागतं. किल्ल्याच्या आसपास स्कूबा डायव्हिंग चालतं, पाणी नितळ असतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, मे महिन्यात गढूळ बघून पैसे गेल्याची तक्रार करू नका. देवबागला एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची निमुळती जीभ. गर्दी नको असेल तर निवती आणि भोगवे. त्याच्याही खाली शिरोडा, जिथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला.

पाण्यात उतरण्याआधी

पोचल्या पोचल्या पाण्यात शिरू नका. दहा मिनिटं उंचावर उभं राहून लाटा बघा. सगळीकडे लाटा फुटून पांढरा फेस होत असतो, पण मधेच एखादा पट्टा शांत, गडद दिसतो, तिथे लाट फुटतच नाही. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तो 'शांत' वाटतो. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच वाटेने आत परतत असतं. ती ओढ. तीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत पट्ट्याबाहेर पडा आणि मग लाटांबरोबर या. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि एक हात वर करून मदत मागा. पुण्याच्या तलावात पंचवीस फेऱ्या मारणाऱ्याला समुद्र ओळखत नाही.

नदी-खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी कधीही उतरू नका, खाडीचं सगळं पाणी तेव्हा समुद्राकडे धावत असतं. खडकांवर कालवं असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या, तिथे अनवाणी चालू नका. उथळ वाळूत पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाला, पाकट दडलेली असेल तर ती आधीच सरकते. जून ते सप्टेंबर समुद्र फक्त बघायचा. त्या दिवसांत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी असते, १ जून ते ३१ जुलै, तेव्हा ताटातली 'ताजी' सुरमई कुठून आली हे मनात विचारून बघा. खाडीचे मासे मागा.

आणि गाडी वाळूवर नाही. दुसऱ्या दहा गाड्या असल्या तरी नाही.

राहणं, खाणं

मोठ्या रिसॉर्टपेक्षा नारळी-पोफळीच्या वाडीतलं घरगुती राहणं घ्या. पण तिथले नियम वेगळे असतात. जेवण सकाळीच सांगावं लागतं, मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. रात्री साडेनऊला पोचून "काय आहे?" विचारलंत तर वरणभात मिळेल आणि तोही उपकाराचा. शाकाहारी मंडळींनी कुरकुरण्याचं कारण नाही: कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, बिरड्याची उसळ, वर सोलकढी. मांसाहारींनी सुरमई-पापलेटच्या पुढे जावं. बांगडा, मांदेली, तिसऱ्या स्वस्तही आणि चवीलाही सरस. रोख पैसे ठेवा, रेंज गेली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत, आणि काकू "राहू दे, नंतर द्या" म्हणाल्या की आपल्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एक शनिवार-रविवार, हिशेबासकट

समजा शनिवारी द्वितीया आहे. भरती दीडला, ओहोटी साडेसातला. रविवारी तृतीया, भरती सव्वादोन, ओहोटी सव्वाआठ. थंडीचे दिवस.

शनिवारी पहाटे पाचला निघा, ताम्हिणीत उजाडेल. माणगावला मिसळ, दहा-साडेदहाला दिवेआगर. दुपारी पाणी भरलेलं, ऊन कडक, तेव्हा जेवा आणि चक्क झोपा. चारला शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धन. साडेपाचपर्यंत पाणी बरंच उतरलेलं असतं, किनारा रुंद होत जातो, सूर्यास्ताला चालायला ओली, घट्ट वाळू मिळते. पायाशी बघा: वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, मधे एक छिद्र. इवले खेकडे वाळू चाळून त्यातलं खाद्य खातात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या मागे टाकतात. पुढची भरती ती पुसते, पुढच्या ओहोटीला ते पुन्हा सुरू. मुक्काम हरिहरेश्वरला.

रविवारी सव्वासातला प्रदक्षिणेच्या पायऱ्या उतरा, पावणेनऊला वर. नाश्त्याला घावणे, अंघोळ, आवराआवर. बाराच्या आत निघा. तीननंतर निघालात तर ताम्हिणी अंधारात आणि पौडपासून चांदणी चौकापर्यंत गाड्यांची माळ.

घरी पोचल्यावर सोमवारीच गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या, खारा वारा पत्रा खातो. डिकीतली वाळू झटकून काढायच्या नादी लागू नका, व्हॅक्यूमच लागतो. माझ्या गाडीत कर्द्याची अजून आहे.